बॅक ईएमएफ: मोटर फिरते तेव्हा आत काय चालतं?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की फिरणारी मोटर स्वतःही वीज तयार करते, आणि ही वीज बाहेरून येणाऱ्या विजेच्या विरुद्ध उभी राहते. तिच्या या उलट्या विद्युतदाबालाच बॅक ईएमएफ म्हणतात. तेवढ्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. रत्नागिरीत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि त्याआधी बरीच वर्षं मी वायरमन-वाइंडरच्या मुलांना शिकवलं. वर्गात मुलं जिथे अडायची तिथेच ही पत्रंही अडली आहेत, म्हणून आजचं सगळं सदर याच विषयाला.

प्रश्न: सर, मी देवगडला राहतो, बारावी सायन्सला आहे. बॅक ईएमएफ मूळ दाबाला विरोध करतो असं पुस्तकात आहे. म्हणजे तो तोटाच झाला ना? बॅक ईएमएफ होऊच न देणारी मोटर बनवली तर तिची ताकद वाढेल का? वर्गात आमचे दोन तट पडलेत.

नाही, वाढणार नाही. अशी मोटर कामच करणार नाही, नुसती तापेल. आकडे घेऊन बघू, इथे हिशेब लवकर पटतो.

१२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी एक डीसी मोटर घे. तिच्या आर्मेचरचा, म्हणजे आत फिरणाऱ्या तारांच्या गुंडाळीचा, रोध अर्धा ओहम धर. मोटर उभी आहे आणि तू बटण दाबलंस. त्या क्षणी प्रवाहाला अडवायला अर्ध्या ओहमशिवाय काहीच नाही, म्हणून १२ भागिले अर्धा, म्हणजे २४ अँपिअर धावतात. आर्मेचर फिरू लागतं. आता त्याच्या तारा चुंबकीय क्षेत्र कापत जातात, आणि असं झालं की तारेत विद्युतदाब निर्माण होतो हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवलं. तो दाब कुठल्या दिशेने, हे हाइनरिख लेन्झ यांनी १८३४ मध्ये सांगितलं: ज्या कारणाने तो निर्माण झाला त्यालाच विरोध होईल अशा दिशेने. इथे आर्मेचर फिरतंय ते बॅटरीच्या प्रवाहामुळे, म्हणून हा दाब बॅटरीच्या उलट. चुंबक तोच राहिला तर वेग दुप्पट झाल्यावर हा दाबही दुप्पट होतो.

आता मोटर तिच्या नेहमीच्या वेगाला पोचली आणि बॅक ईएमएफ १० व्होल्ट झाला असं समज. तारेतून प्रवाह ढकलायला १२ मधले २ व्होल्ट उरले. २ भागिले अर्धा, ४ अँपिअर. सुरुवातीच्या २४ वरून प्रवाह ४ वर आला तो यामुळे. तारेचा रोध होता तेवढाच आहे.

पुढचा हिशेब तुझ्या वर्गातल्या दोन्ही तटांनी वहीत करून बघावा. बॅटरी देते १२ गुणिले ४, म्हणजे ४८ वॉट. तारेत उष्णता होते २ गुणिले ४, म्हणजे ८ वॉट. उरलेले ४० वॉट कुठे गेले? ते दांड्यावर गेले. त्यातला थोडा भाग बेअरिंग-ब्रशच्या घर्षणात जातो, बाकीच्यावर पंप चालतो, चाक फिरतं. आणि हे ४० आले कुठून? १० गुणिले ४. बॅक ईएमएफ गुणिले प्रवाह. मोटरने विजेचं यांत्रिक कामात जेवढं रूपांतर केलं ते नेमकं एवढंच. बॅक ईएमएफ शून्य असेल तर हा गुणाकार शून्य. जाम होऊन उभी राहिलेली मोटर म्हणजे तीच बॅक ईएमएफ नसलेली मोटर: १२ गुणिले २४, तब्बल २८८ वॉट घेते आणि सगळेच्या सगळे तारेत जाळते.

तू किनाऱ्यावरचा आहेस म्हणून सांगतो. वल्हं पाण्यात मारलं की पाणी हाताला विरोध करतं, आणि त्या विरोधावरच होडी पुढे सरकते. तेच वल्हं हवेत फिरवलं तर विरोध नाही आणि होडीही जागेवरच. मोटरमधला विरोध तसा आहे. तो घालवायचा नसतो.

वर्गात पुढचा प्रश्न येईलच: मग सगळ्यात जास्त ताकद कधी मिळते? मोटर इतकी दाबली की बॅक ईएमएफ ६ वर आला, तर प्रवाह १२ अँपिअर, यांत्रिक शक्ती ७२ वॉट. यापेक्षा जास्त कुठल्याच वेगाला मिळत नाही, करून बघ. पण तेव्हा उष्णताही ७२ वॉट असते, म्हणजे निम्मी वीज जळते. १० व्होल्टला चालणारी मोटर ८३ टक्के वीज कामी लावते, ६ व्होल्टला चालणारी ५० टक्के. जास्तीत जास्त शक्ती आणि जास्तीत जास्त कार्यक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा निम्म्याचा नियम मोरिट्झ याकोबी यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनीच १८३८ साली सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत बॅटरीवरच्या मोटरने होडी चालवली होती. वाफेच्या त्या काळात माणसं बसवून विजेवर होडी हाकणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर आहे, आणि त्यांचं नाव आपल्या मुलांना माहीत असावं असं मनापासून वाटतं.

आणि बाहेरच्या जोराने मोटर इतकी पळवली की बॅक ईएमएफ १२ च्याही वर गेला तर? प्रवाहाची दिशा उलटते. मोटर जनित्र होते, बॅटरी चार्ज होऊ लागते आणि दांड्याला ब्रेक लागतो. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण २०२२ मध्ये झालं. आता तिथे धावणारी थ्री-फेज इंजिनं ब्रेक लावताना अशी वीज वरच्या तारेत परत पाठवतात. त्यांच्या मोटरी इंडक्शन जातीच्या आहेत, त्यामुळे आतला तपशील निराळा, पण मोटर आणि जनित्र हे एकच यंत्र आहे हे तत्त्व तेच. डिझेल इंजिनांतही मोटरींना जनित्र करून ब्रेक लावतात. तिथे वीज परत घ्यायला वर तार नसते, म्हणून ती इंजिनावरच्या रोधकांत तापवून हवेत सोडावी लागते.

एक प्रयोग जरूर कर. खेळण्यातल्या गाडीची छोटी मोटर, दोन सेल आणि टॉर्चचा जुना तारेचा बल्ब, तिन्ही एका माळेत जोड. एलईडी चालणार नाही. मोटर मोकळी फिरत असताना बल्ब मंद असेल. आता दांडा चिमटीत धरून थांबव. बल्ब उजळेल. सेल तेच, वायर तीच, बदलला फक्त बॅक ईएमएफ.

प्रश्न: दादा, आमची होडी हर्णै बंदरात असते. होडीत साचलेलं पाणी उपसायच्या १२ व्होल्टच्या पंपात जाळ्याचा धागा गुंतला आणि पंप जळाला. नवीन बसवला तर तो हळू चालतोय. बॅटरी नवीन आहे. दुकानदार म्हणतो पंप चांगला आहे.

दुकानदार बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे. वरच्या उत्तरातले आकडे तुमच्यासारख्या पंपाचेच समजा. धागा गुंतून पंखा थांबला तेव्हा बॅक ईएमएफ गेला आणि ४ अँपिअरच्या जागी २४ धावले. पंपावर फ्यूजचा जो आकडा छापलेला असतो तेवढाच फ्यूज असता तर तो उडाला असता आणि पंप वाचला असता. बंदरावर मी बघतो, फ्यूज उडाला की लोक तिथे वायरची तार गुंडाळून समुद्रात जातात. कृपा करून असं करू नका. किनाऱ्यापासून दूर असताना होडीत वायर पेटली तर काय होईल हे तुम्हाला मी सांगायला नको.

नवीन पंपाचं म्हणाल तर आधी जोड बघा. खाऱ्या हवेने तांब्याच्या टोकांवर हिरवं कीट चढतं. त्या कीटाने अर्धा ओहम जरी रोध वाढवला तरी ४ अँपिअरला वाटेतच २ व्होल्ट जातात. मग तेवढ्याच भाराला बॅक ईएमएफ १० ऐवजी ८ वर थांबतो, आणि वेग बॅक ईएमएफच्या प्रमाणात असल्याने पंप पाचव्या हिश्शाने मंदावतो. मल्टीमीटर बॅटरीवर लावू नका, तिथे १२ च दिसतील. पंप चालू ठेवून पंपाच्या दोन टोकांवर लावा. तिथे १०-१०.५ दिसले तर दोष जोडांत आहे. टोकं घासून चकचकीत करा, कल्हई केलेली सागरी वायर वापरा, जोडावर ग्रीस भरून आकसणारी नळी चढवा.

प्रश्न: वेंगुर्ल्याजवळ आमची माड-पोफळीची वाडी आहे. विहिरीवर २ अश्वशक्तीची सिंगल फेज मोनोब्लॉक मोटर. संध्याकाळी दाब १७० पर्यंत उतरतो. तेव्हा मोटर नुसती हुं हुं करते, सुटत नाही, आणि दोन वेळा वाइंडिंग जळलं. सर, दाब कमी म्हणजे वीज कमी, मग ती जळते कशी?

ताई, हा प्रश्न मला उन्हाळ्यात सतत ऐकू येतो, आणि तो चुकीचा नाही. बल्बच्या बाबतीत तुमचं म्हणणं खरं आहे: दाब कमी तर प्रवाह कमी. मोटर तशी वागत नाही.

तुमची मोटर इंडक्शन जातीची आहे. तिच्या फिरणाऱ्या भागाला, रोटरला, बाहेरून एकही वायर जोडलेली नसते. बाहेरच्या गुंडाळीत प्रत्यावर्ती वीज गेली की चुंबकीय क्षेत्र उलटसुलट होत राहतं आणि त्याच गुंडाळीत दाब निर्माण करतं. हा तिचा बॅक ईएमएफ. तुमच्या मोटरची मुख्य गुंडाळी मल्टीमीटरने मोजली तर २ ओहमच्या आसपास भरेल. नुसत्या रोधाचा हिशेब केला तर २३० भागिले २, म्हणजे ११५ अँपिअर यायला हवेत. प्रत्यक्षात चालू मोटर १०-१२ अँपिअर घेते, कारण २३० मधला बहुतेक दाब या बॅक ईएमएफने तोलून धरलेला असतो.

डीसी मोटरपेक्षा एक फरक मात्र नीट लक्षात घ्यावा लागतो. इथे रोटर थांबला म्हणून गुंडाळीतला बॅक ईएमएफ शून्य होत नाही, क्षेत्र तर बदलतच असतं. होतं असं की उभा रोटर म्हणजे टोकं एकमेकांना जोडून टाकलेली ट्रान्सफॉर्मरची दुसरी बाजू. तुमच्या मोटरचं क्षेत्र मिनिटाला ३,००० फेरे घेतं आणि रोटर साधारण २,८५०. मागे पडण्याचं हे प्रमाण ५ टक्के, म्हणून रोटरला ५० ऐवजी फक्त अडीच हर्ट्झचा बदल जाणवतो आणि त्याच्यात दाब थोडासाच तयार होतो. रोटर उभा असला तर पूर्ण ५० हर्ट्झचा मारा बसतो, त्याच्यात प्रचंड प्रवाह वाहतो, आणि तो भागवायला बाहेरची गुंडाळी लाईनमधून नेहमीच्या ५ ते ७ पट प्रवाह ओढते. चांगल्या दाबाला ही स्थिती सेकंदभर टिकते, मग मोटर वेग घेते आणि प्रवाह उतरतो.

आता १७० व्होल्ट. इंडक्शन मोटरचा पीळ, म्हणजे दांडा फिरवायचा जोर, दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १७० म्हणजे २३० च्या ७४ टक्के, त्याचा वर्ग ५५ टक्के. म्हणजे सुटायच्या वेळी मोटरच्या अंगात जेमतेम निम्मी ताकद. पंप जरा घट्ट असला की ती उभीच राहते, आणि सेकंदभर सोसायचा प्रवाह मिनिटभर सोसते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, तेव्हा चौपट प्रवाह म्हणजे सोळापट उष्णता. जरी कशीबशी सुटली, तरी कमी दाबावर ती जास्त मागे पडते आणि जास्त प्रवाह ओढते. गुंडाळीवरचं व्हार्निश करपतं, वळसे एकमेकांना चिकटतात, आणि मग ती माझ्यासारख्याच्या टेबलावर येते.

काय करायचं ते सांगतो. मोटर हुं हुं करून सुटली नाही तर तीन-चार सेकंदांत बंद करा आणि पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, दर वेळी आधीच्या उष्णतेवर नवी भर पडते. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (प्रवाह जास्त झाला की मोटर बंद करणारा) मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर लावून घ्या. बऱ्याच ठिकाणी तो ‘सारखा पडतो’ म्हणून वर चढवून ठेवलेला असतो, आणि मग असून नसल्यासारखा. कंडेन्सर तपासून घ्या. तो कमजोर झाला तरी मोटर अशीच गुणगुणते आणि दोष दाबावर जातो. पंपात पालापाचोळा किंवा रेती अडकलेली नाही ना हे, मेन स्विच काढून, दांडा हाताने फिरवून बघा.

घरापासून विहिरीपर्यंतची वायरही मोजा. घर वर आणि विहीर खाली वाडीत, म्हणून लांबच लांब बारीक वायर टाकलेली असते, आणि माझ्या मते आपल्याकडे निम्मा त्रास याच वायरीचा आहे. १०० मीटरवर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर जाऊन-येऊन २०० मीटरचा रोध दीड ओहमच्या जवळ जातो. मोटर चालू असताना १० अँपिअरला १५ व्होल्ट पडतात, ते चालतं. सुटताना ५० अँपिअर ओढले तर ७५ व्होल्ट वायरीतच संपतात. ६ चौरस मिलिमीटरची टाकली तर तेवढ्याच प्रवाहाला ३० च्या आसपास जातील. वायर महाग पडते हे खरं, पण दोनदा वाइंडिंग करून तुम्ही बरेच पैसे आधीच घालवलेत.

दरम्यान शिंपणं पहाटे करता आलं तर करा, तेव्हा दाब बरा असतो.

प्रश्न: काका, मी नववीत आहे, गुहागरला राहते. विज्ञान प्रदर्शनासाठी मी टाकी भरल्यावर आपोआप बंद होणारा पंप बनवतेय. अडॅप्टर १२ व्होल्टचाच आहे, पण रिलेच्या (कॉइलच्या चुंबकाने चालणाऱ्या स्विचच्या) वायरी हाताने सोडवताना मला चांगलाच झटका बसला. १२ व्होल्टचा झटका बसतो का? आणि ट्रान्झिस्टरही सारखे जळतात.

बाळ, १२ व्होल्टचा नाही बसला. तुझ्या रिलेच्या कॉइलने त्या क्षणी काहीशे व्होल्ट तयार केले, ते तुझ्या बोटांत आले.

वरच्या उत्तरांत दाब तयार झाला तो तार फिरल्याने. इथे काहीच फिरत नाही. पण कॉइलमधून प्रवाह वाहत असताना तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. तू वायर सोडवलीस, प्रवाह एकदम तुटला, क्षेत्र कोसळलं, आणि बदलत्या क्षेत्राने त्याच कॉइलमध्ये दाब निर्माण केला. नियम फॅरडेंचाच. बदल जितका झटपट तितका दाब मोठा, आणि वायर सुटणं ही फारच झटपट गोष्ट आहे. कॉइल प्रवाह चालू ठेवायचा प्रयत्न करते. त्याला दुसरी वाट नसली तर तो हवेतून ठिणगीच्या रूपाने जातो किंवा तुझ्या ट्रान्झिस्टरमधून, आणि ट्रान्झिस्टर मरतो. मोटरसायकलच्या इग्निशन कॉइलमध्ये हीच युक्ती मुद्दाम करून १२ व्होल्टवरून हजारो व्होल्टची ठिणगी मिळवतात.

उपाय स्वस्त आहे. १ एन ४००७ क्रमांकाचा डायोड घे आणि रिलेच्या कॉइलच्या दोन पायांवर जोड, पांढरी पट्टी असलेलं टोक अधिक बाजूला. रिले चालू असताना डायोड काहीच करत नाही. बंद होताना प्रवाह त्याच्यातून गोल फिरून विरतो आणि दाब एक व्होल्टच्या आतच वाढतो. डायोड उलटा लावलास तर तो अडॅप्टरलाच शॉर्ट करेल, म्हणून पट्टी दोनदा बघ. पंपाचा २३० व्होल्टचा भाग मात्र घरातल्या जाणत्या वायरमनकडूनच जोडून घे, तिथे तू हात घालू नकोस.

प्रश्न: चिपळूणला आम्ही नवीन बीएलडीसी (बिनब्रशच्या डीसी मोटरचे) पंखे बसवले. चालू केल्यावर पाती आधी थोडी मागेपुढे डुलतात आणि मग फिरतात. पंखा सदोष आहे का?

नाही. या पंख्यांत रोटरवर कायमचे चुंबक असतात आणि कुठल्या गुंडाळीत केव्हा वीज सोडायची हे सर्किट ठरवतं. त्यासाठी चुंबक आत्ता कुठे आहेत हे त्याला कळावं लागतं. अनेक पंख्यांत त्यासाठी वेगळा सेन्सर नसतो, गुंडाळ्यांतला बॅक ईएमएफ वाचूनच जागा ओळखतात. पंखा उभा असताना बॅक ईएमएफ नाही, म्हणजे सर्किटला काहीच दिसत नाही. म्हणून ते आधी एक ठरावीक प्रवाह सोडून रोटर ओळखीच्या जागी आणतं, तेव्हा पाती डुलतात. मग सावकाश फिरवतं, आणि बॅक ईएमएफ वाचण्याइतका झाला की पुढचं नियंत्रण त्याच्यावर. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, हा ३० च्या आसपास; त्या बचतीत या नेमक्या वेळेला वीज सोडण्याचाही वाटा आहे. पंखा डुलून काही सेकंदांत सुटत असेल तर निर्धास्त वापरा. नुसताच डुलत राहिला आणि सुटलाच नाही, तर एखादी गुंडाळी तुटली असेल किंवा सर्किट गेलं असेल, आणि हमीची मुदत असेल तर तो न उघडता परत द्या.